डिपटीसाहेबांची कमान

ती घटना आजही आठवते, अशी सुरुवात करायची आम्हा पेन्शनर पोलिसांची पद्धत आहे. माझ्या बाबतीत घटना नंतर आठवते, आधी आठवते ती कमान. कडुलिंबाचा पाला, झेंडूच्या माळा, वर आडव्या बांधलेल्या ज्वारीच्या पेंढ्या आणि मधोमध एक रिकामी जागा. तिथे 'सुस्वागतम्'चा कागद लागायचा राहिला होता. हौसेने केलेली, जरा डाव्या अंगाला कललेली कमान. मी घोड्यावरून तिच्याखालून गेलो तेव्हा ओल्या पाल्याचा वास आला, आणि पोरांनी छान केली आहे असे मनात येऊन गेले.

सोलापुरातला लष्करी कायदा उठून थोडा काळ झाला होता. शहरात ज्यांनी त्या दिवसांत काम केले त्यांना वरिष्ठांनी हळूहळू बाहेर पांगवले. माझी बदली जिल्ह्याच्या नैर्ऋत्य टोकाच्या एका ठाण्यावर झाली. पाऊस नावाला, जमीन माळरानाची आणि वस्ती बरीचशी मेंढपाळांची. गुन्हे म्हणाल तर मेंढ्यांची चोरी, बांधाची भांडणे, विहिरीच्या पाण्यावरून डोकी फुटणे. शहरातल्या दिवसांनंतर मला ते ठाणे म्हणजे विश्रांतीच वाटले होते. गावाचे नाव लिहीत नाही, माणसांचीही नाही. त्यातली काही अजून हयात असतील.

त्या गावची शाळा बिरोबाच्या देवळाच्या ओसरीत भरत असे. मास्तर सोलापूर शहरातले, कारकुनी पेशाच्या घरातले, तरुण. मुले देतील त्या ज्वारीवर त्यांचा निर्वाह चाले. जिल्हा लोकल बोर्डाची ग्रँट मिळाली तर शाळा कायम होणार होती. मास्तरांना पगार सुरू होणार, पाट्या-पुस्तके येणार, पोरांना चौथीसाठी परगावी जावे लागणार नव्हते. पण ग्रँट अशी उठून कोणी देत नाही. गावाने आधी स्वतःची खोली उभी करून दाखवायची, पटावरची मुले हजर दाखवायची, त्यात मुली असल्या तर अधिक चांगले. मग शाळाखात्याचे डेप्युटी येऊन पाहणार आणि शिफारस करणार. गावकरी त्यांना डिपटीसाहेब म्हणत. 'गिरांट' हा शब्द तर ती माणसे देवाचे नाव घ्यावे तशी घेत.

यात एक मोठीच अडचण होती. डेप्युटी यायचे ते थंडीत, आणि दिवाळी झाली की मेंढपाळांची घरे मेंढरे घेऊन भीमेकाठी, कृष्णाकाठी निघून जायची. घोड्याच्या पाठीवर भांडीकुंडी, कोंबड्या, तान्ही कोकरे आणि पोरेबाळे. या फिरत्या बिऱ्हाडाला ते लोक वाडा म्हणतात. वाडा मृगाच्या तोंडाला परत येतो. म्हणजे डेप्युटी येणार तेव्हा शाळेत हजेरी घ्यायला कोणी उरतच नसे.

ही अडचण सोडवली ती शाळेतल्याच एका मुलाने. वर्गात तो सर्वांत थोराड, मिसरूड फुटायला आलेला. मास्तर त्याला मॉनिटर म्हणत, म्हणून सारे गाव त्याला मानिटर म्हणू लागले. या पोराने घरोघर जाऊन आयांना गळ घातली की एक हिवाळा पोरे म्हाताऱ्यांजवळ ठेवा, गिरांट आली की पुढे सगळे सोपे होईल. बऱ्याच घरांनी ऐकले. त्याने स्वतःच्या धाकट्या बहिणीलाही ठेवून घेतले. शाळेतली ती एकुलती एक मुलगी होती.

खोली तर पोरांनीच पावसाळ्याच्या तोंडाला उभी केली होती. मास्तर सांगत आणि मानिटर कामे वाटून देई. ओढ्यातले आणि मेंढरे कोंडायच्या एका पडक्या वाडग्याचे दगड पोरांनी वाहून आणले, एका फिरत्या गवंड्याने जेवणावर भिंती रचून दिल्या. वर कडुलिंबाच्या ओल्या तुळया टाकून माळवद केले. तुळयांवर फळकुटे, त्यावर काड्या आणि पाला, आणि त्यावर जुन्या गावठाणातली पांढरी माती चोपून बसवायची, असे त्या भागातले छत असते. उन्हाळ्यात खोली गार राहते, पाणीही आत येत नाही, पण वजन फार. तुळया ओल्या म्हणून गवंड्याने मधोमध दोन खांब दिले होते. त्यातल्या एकाला मास्तरांनी नकाशा टांगायला खुंटी ठोकली होती.

त्या दिवशी सकाळी मी ठाण्यात हजेरी घेत होतो. पाटलांचा रामोशी पळत आला. दमाने त्याला बोलता येईना. पाणी पाजल्यावर कळले की शाळेचे माळवद कोसळले, माती घेऊन वर चढलेली पोरे खाली आली, एकाचा पाय मोडला, आणि आत जमीन सारवत असलेली एक मुलगी दगावली. डेप्युटींचा मुक्काम दुसऱ्या दिवसाचा होता. मी स्टेशन डायरीत नोंद करायला सांगून जमादाराला बरोबर घेतले आणि निघालो.

मुलगी देवळासमोर घोंगडीवर निजवली होती. तिच्या हाताला कोपरापर्यंत शेण वाळले होते. जवळ तिचा भाऊ, तोच मानिटर, बसला होता. तो रडत नव्हता. कोणी काही विचारले की 'व्हय' म्हणायचा, मग ते विचारणे काहीही असो. मी इन्क्वेस्टचे कागद केले, पंचांच्या सह्या-अंगठे घेतले आणि प्रेत तालुक्याच्या दवाखान्याकडे रवाना केले. मुलीचा बाप वाड्याबरोबर कृष्णाकाठी कुठेतरी होता. निरोप कसा धाडायचा ते मला समजेना. पाटील म्हणाले, ते आमच्याकडे लागले. एका वाड्याने पुढच्या वाड्याला सांगायचे, असे त्यांचे टपाल असते.

मग पाटलांनी मला पारामागे नेले आणि आवाज खाली आणला.

"सायेब, ही आपसूक पडल्याली न्हाय. तात्यानं पाडली."

हा तात्या म्हणजे गावातला एक म्हातारा मेंढपाळ. खरे नाव निराळे होते. बायको वारलेली, मूलबाळ नाही. मेंढरे पुतण्याबरोबर गेलेली, आणि हा एकटा लंगडी कोकरे सांभाळत गावात राहिलेला. पोरांनी उचलले ते दगड याच्या पडक्या वाडग्याचे, आणि पांढरी खणली ती जुन्या गावठाणाला लागून असलेल्या याच्या रानाच्या बांधावरून. दोन्ही न विचारता. त्यावरून त्याने मास्तरांशी चावडीसमोर कडाक्याचे भांडण केले होते.

"समद्यांदेकत म्हनला हुता की, ही साळा उभी ऱ्हायची न्हाय," पाटील म्हणाले. "आनी आज तांबडं फुटताना बायास्नी दिसला न्हवं. खांदाव लाकूड घिऊन साळंकडं निगाला हुता."

ते लाकूड शाळेच्या दारातच पडले होते. वर दुबेळके, म्हणजे दोन फांद्यांचा बेचका, असलेला बाभळीचा दणकट खांब, बुडाला ओली माती. जमादार त्याच्याभोवती फिरून आला आणि म्हणाला, "याच्या टोल्यानं आतले खांब उडवले असणार साहेब." तात्याची नखे फाटली होती, हातांतून रक्त येत होते. ढिगारा उपसायला पहिला तोच धावला असे लोक सांगत होते. जमादाराला त्याचेही काही वाटले नाही. चोरच आधी चोर-चोर ओरडतो, असे त्याचे मत.

तात्याला चावडीत बसवले. तो माझ्या वडिलांपेक्षा वयाने मोठा असेल.

"तात्या, पहाटे शाळेकडे गेला होता?"

"व्हय."

"हा खांब कुणाचा?"

"माजाच हाय की."

"कशाला नेला होता?"

त्याने फाटक्या नखातला मातीचा खडा काढून टाकला.

"शाळेचे खांब तुम्ही पाडले का?"

"तुमी काय म्हनाल ते, सायेब."

त्यापुढे मला काहीही मिळाले नाही. दटावून पाहिले, चहा देऊन पाहिले. जमादार कानाशी येऊन म्हणाला की थोडा वेळ माझ्या ताब्यात द्या. मी त्याला बाहेर पाठवले. म्हाताऱ्यावर हात टाकून मिळवलेली कबुली मॅजिस्ट्रेटपुढे टिकत नाही, आणि टिकली तरी ती आपल्याला पचत नाही. शिवाय माझा अनुभव असा की खोटे बोलणारा माणूस जरुरीपेक्षा जास्त बोलतो. जो अगदीच गप्प बसतो तो स्वतःला तरी वाचवत असतो, नाहीतर दुसऱ्याला. आता या निपुत्रिक म्हाताऱ्याला वाचवायला दुसरे कोण होते, ते मला उमगेना.

मास्तरांचा जबाब घेतला. ते आदल्या दिवशी तालुक्याला गेले होते, डेप्युटींचा मुक्काम नक्की करायला आणि कमानीवर लावायचा रंगीत कागद आणायला. परतले तेव्हा धुरळा खाली बसत होता. ती गुंडाळी त्यांच्या काखेत तशीच होती. "जाताना मुलांना सांगून गेलो," ते म्हणाले, "माळवदाला भेगा पडल्यात, पांढरीचा एक थर ओलाच चोपून घ्या. आतून सारवून घ्या. साहेबांना नीटनेटके दिसू दे." एवढे बोलून त्यांनी तोंडाला उपरणे लावले.

दुसऱ्या दिवशी डेप्युटी ठरल्याप्रमाणे आले. त्यांना कळवायचे कुणाच्या ध्यानातच आले नव्हते. त्यांची गाडी कमानीखालून आत आली आणि पोरे सवयीने देवळापुढे रांगेत उभी राहिली. कुणाचे डोके बांधलेले, कुणाचा हात गळ्यात. एका लहानग्याने पाठ केलेले स्वागताचे पद सुरू केले. कुणी साथ दिली नाही तेव्हा तोही थांबला. डेप्युटींनी डोक्यावरची पगडी काढून हातात घेतली. तो माणूस वाईट नव्हता. मला बाजूला घेऊन ते म्हणाले, "फौजदार, आता सगळे तुमच्या रिपोर्टावर आहे. शाळेच्या हयगयीने छत पडले असेल तर बोर्ड हे प्रकरण पुन्हा उघडणार नाही. पण कोणी दुष्टाव्याने पाडले असेल तर गोष्ट निराळी. नुकसान म्हणून खास मदत मागता येईल, शाळाही मंजूर होईल. मी स्वतः लिहीन."

खेड्यात भिंतीलाच नव्हे, वाऱ्यालाही कान असतात. ज्यांना सकाळपर्यंत काहीच ठाऊक नव्हते, त्यांना दुपारी सारे दिसलेले होते. तात्याने खांबाला टोला घातलेला एकाने ऐकला होता. दुसऱ्याने तर त्याला हसताना पाहिले होते. मास्तरही आले. चांगला माणूस, पण एका रात्रीत खंगला होता. "साहेब," ते म्हणाले, "तात्यांनीच केले असेल, नाही का? त्यांचे तर आता वय झाले आहे, आणि शाळा..." वाक्य पुरे न करता ते उठून गेले. मला त्यांचा राग आला नाही. एवढ्या पोरांचे नशीब एका पारड्यात आणि एक तिरसट म्हातारा दुसऱ्या पारड्यात, असा तो हिशोब होता.

मी एकटाच तात्याच्या वस्तीवर गेलो. कोकरे बांधायचे त्याचे सपार, म्हणजे कडब्याचे छप्पर, एका कोपऱ्यात बसलेले होते. तिथला खांब उपटलेला, खड्डा ताजा, आणि वरचा कडबा कोकरांच्या अंगावर आलेला. आणि त्या खड्ड्यापासून हाताच्या अंतरावर लोखंडी पहार भिंतीला टेकून उभी होती. मी बराच वेळ त्या पहारीकडे बघत राहिलो. दुसऱ्याचे घर पाडायला निघालेला माणूस हाताशी पहार असताना स्वतःच्या छपराखालचा खांब कशाला उपटील? आणि दुबेळक्याचा खांब काही टोला घालायला नसतो, तो वरची तुळई पेलायला असतो. म्हातारा शाळा पाडायला नाही, तर सावरायला चालला होता. मग शाळेचे स्वतःचे दोन खांब कुठे होते?

परत येऊन मी पंचांसमक्ष सगळा ढिगारा उपसायला लावला. तुळया निघाल्या, फळकुटे निघाली, मुलीची शेणाची पाटी निघाली. खांब निघाले नाहीत. जमीन झाडून घेतली तेव्हा मधोमध खांबांचे दोन बैठे दगड दिसले. त्या दगडांवरूनही सारवण गेलेले होते. लहान बोटांच्या अर्धगोल रेघा एका दगडावरून दुसऱ्या दगडावर सरळ गेल्या होत्या, मध्ये कुठे अडल्या नव्हत्या. म्हणजे मुलगी सारवायला बसली तेव्हा खांब तिथे नव्हतेच. ते कुणी पहाटे घाईने पाडले नव्हते. आधीच निगुतीने काढून नेले होते.

मी तिथून मागे वळलो आणि माझी नजर वेशीकडे गेली.

कमानीवरचा पाला आता सुकून मुडपला होता. मी जवळ गेलो आणि हातातल्या रुळाने माळ बाजूला केली. आत कडुलिंबाचा सरळ, तासलेला खांब होता. त्याला साधारण पोराच्या छातीइतक्या उंचीवर एक खुंटी ठोकलेली होती. नकाशा टांगायची खुंटी. मी तिच्याखालून एकदा गेलो होतो, डेप्युटी गेले होते, मुलीचे प्रेतही तिच्याखालूनच गावाबाहेर गेले होते.

चावडीत जाऊन मी जमादाराला बाहेर बसवले आणि दार लोटून घेतले.

"तात्या, खांब सापडले."

त्याने पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे नीट पाहिले. "कुनाला सांगितलंसा का, सायेब?"

"अजून नाही."

मग तो बोलला. आदल्या सांजेला पोरे खांब नेताना त्याने पाहिली होती. मानिटर पुढे होता, सगळी हसत-खिदळत होती. "वाटलं, मास्तरानं सांगितलं आसंल. आनी आमचं बोलनं बंद. मी कशाला पुसू?" पहाटे कोकरांकडे जाताना त्याला पोरे ओल्या मातीच्या पाट्या घेऊन माळवदावर चढताना दिसली. "खालचं खांब तर काडून न्हेल्यालं. हाळी दिली, उतरा म्हनलं. पोरं खाली बगून हसली. माजं कवा आयकायची सवंच न्हाय की त्यास्नी. तात्या तर रोजच वरडतोय." तो धावत घरी गेला. उंचीला पुरेल असे लाकूड एकच होते, सपाराचे. "खांदाव घिऊन दारात पाय ठिवला आनी..." पुढचे त्याने हातानेच दाखवले.

"हे काल का सांगितले नाही?"

"त्या पोराची भईन गेली, सायेब. तिला वाड्यासंगं जाऊ न देता त्येनंच ठिवून घेतली हुती. आता खांबबी त्येनंच काडलं, ह्ये मी माज्या तोंडानं सांगू?"

त्याने लोटलेल्या दाराकडे एकदा पाहिले. मग तो म्हणाला, "माजं नाव लिवा तुमी. माज्यामागं रडाया कोन न्हाय. पोरगं सुटंल, आनी साळंला गिरांटबी मिळंल म्हनत्यात."

"तुमचा तर शाळेला विरोध होता."

"इरोद कसला? माजा दगूड इचारून न्हेला आसता तर मीच उचलू लागलो आसतो."

खोटे सांगत नाही, मी त्या वेळी विचारात पडलो. एका ओळीचे काम होते. साक्षीदार तयार होते, आरोपी तयार होता, शाळा उभी राहिली असती आणि ते पोर जन्मभर कुण्या तात्याला शिव्या देत का होईना, पण जगले असते. पण ज्याने स्वतःचे छप्पर पाडून खांब आणला, त्याचेच नाव खांब पाडणारा म्हणून लिहायचे, याला माझा हात उचलेना. मी त्याला तसे सांगितले. म्हाताऱ्याने डोक्याचे मुंडासे सोडून त्यात तोंड खुपसले.

कमान उतरवून पंचनामा करणे भाग होते. पोरांना घेऊन बिरोबाच्या मागच्या बाजूला जा, असे मी मास्तरांना सांगितले. ते सगळ्यांना घेऊन गेले, पण मानिटर गेला नाही. शिपाई दोराच्या गाठीशी झटत होता, ती सुटेना. तेव्हा तो पुढे आला.

"ऱ्हाऊ द्या. मीच बांदलीय ती. तुमास्नी सुटायची न्हाय."

त्याने दाताने गाठ सैल केली आणि पाला एकेक पदराने उलगडत गेला. घाई नाही, गडबड नाही. माळ खाली ठेवली, पेंढ्या उतरवल्या. खुंटी उघडी पडली तेव्हा त्याने तिच्यावर हात ठेवला आणि तसाच उभा राहिला.

"गवंडी म्हनला हुता," तो खुंटीकडे बघत म्हणाला, "पांढरी एक पावसाळा खाऊन बसली की माळवद दगूड हुतंय, मग खांब नुसता नावाला ऱ्हातोय. पावसाळा तर झाला की. आनी डिपटीसायबास्नी कमान पायजे. आमच्यात सरळ लाकूड कुटं हाय, सायेब? बाभळी समद्या वाकड्या."

मी म्हणालो, "हो बाळ."

"खांब आसतं तर पडली नसती न्हवं?"

इतकी वर्षे प्रश्न विचारायचे काम माझे होते. उत्तर द्यायची वेळ अशी कधी आली नव्हती. मी त्याला सांगितले की तुळया ओल्या होत्या, माती ओली होती, गवंड्यानेही चुकीचे सांगितले, एकट्या खांबांचे काय घेऊन बसतोस. सारे खरेच होते. त्याने ते ऐकून घेतले आणि मान हलवली. त्याला त्यातले काही पटले नाही, एवढे मला दिसत होते.

मी अकस्मात मृत्यूचा अहवाल तालुक्याच्या मॅजिस्ट्रेटकडे पाठवला. त्यात मुलाला दोष लागेल असा एक शब्द येऊ दिला नाही, पण खांब कुठे होते ते लिहावेच लागले. तात्याला त्याच दिवशी सोडले. गावातले कोणी त्याच्या दारी गेले नाही. लाजही माणसाला दूर ठेवते, रागाइतकीच. डेप्युटींनी शब्द राखला आणि नियमही राखला. त्यांनी चार चांगल्या ओळी लिहिल्या, आणि बोर्डाने प्रकरण बंद केले. मास्तरांनी होळीपर्यंत ओसरीत शाळा चालवून पाहिली. आयांनी पोरे पाठवली नाहीत. मग एक दिवस ते ट्रंक घेऊन सोलापूरला निघून गेले.

मुलीचा बाप त्याआधीच येऊन गेला होता. निरोप वाड्यावाड्यातून फिरत त्याच्यापर्यंत पोहोचेस्तोवर इकडे मातीदेखील झाली होती. कागदावर अंगठा हवा म्हणून मी त्याला ठाण्यात बोलावले. उंच, काटक माणूस, खांद्यावर घोंगडी. बस म्हटले तरी बसला नाही. मला वाटले, तो माळवदाचे विचारील, खांबांचे विचारील. मी मनात उत्तरे जुळवून ठेवली होती.

"सायेब," तो म्हणाला, "ती गिरांट आली का?"

मी म्हणालो, "नाही."

"पोरगं म्हनलं हुतं, गिरांटीसाटी ऱ्हाऊ दे तिला. तिची आय लई रडली. लेकराबिगर वाडा कसा न्हेऊ म्हनली. मी म्हनलं, ऱ्हाऊ दे, पोरगं शिकल्यालं हाय, त्येला कळतंय." त्याने अंगठ्याची शाई घोंगडीला पुसली. "मग ती कशापायी ऱ्हायली हुती, सायेब?"

तो उत्तरासाठी थांबला नाही. बाहेर फाटकाशी मानिटर घोडा धरून उभा होता. बापाने त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि दोघे कृष्णेच्या वाटेला लागले. तो मुलगा पुन्हा कोणत्याही शाळेत गेला नाही, असे मला पुढे पाटलांकडून समजले.

पुढच्या नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, आणि ज्यात बढती मिळाली अशी प्रकरणेही पाहिली. त्यांनी मला कायदा शिकवला. या प्रकरणाने शिकवले ते एवढेच की, वरून काही मिळणार म्हटले की गरीब माणूस येणाऱ्याच्या मानासाठी स्वतःच्या डोक्यावरच्या छपराचा आधार काढून वेशीवर नेऊन उभा करतो. येणाऱ्याला फक्त पाला आणि फुले दिसतात. तेव्हापासून कुठल्याही गावात शिरताना मी कमान जवळून पाहू लागलो. तिचे लाकूड कुठून आणले, ते आधी विचारू लागलो. लोकांना ती साहेबाची खोड वाटे.

मी सेवानिवृत्त झालो त्या दिवशी ठाण्याच्या फाटकात शिपायांनी हौसेने कमान उभारली होती. बांबू बाजारातले होते, नवे होते. मी विचारून खात्री करून घेतली. तरीही पाय तिच्याखाली जाईना. शेवटी कुंपणाच्या फटीतून बाजूने बाहेर पडलो. म्हातारपणी साहेबांना लहर आली म्हणून पोरे हसली, आणि मीही हसल्यासारखे केले. मला मात्र सुकत चाललेल्या पाल्याचा वास येत होता, आणि डोळ्यांपुढे शेणाने सारवलेली जमीन होती, तिच्यावर लहान बोटांच्या रेघा, कुठे न अडता सरळ गेलेल्या.